शेतीकामातील अपघात आणि भरपाईचा हक्क

दसरा सरून दिवाळीचे वेध लागले, की हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांच्या शिवारांत सोयाबीनच्या मळणीची एकच घाई उडते. पुढे होळीच्या सुमारास हळदीची काढणी, शिजवणी आणि पॉलिश यांचा हंगाम येतो. एके काळी खळ्यावर बैलांच्या पायांखाली होणारे काम आता मळणीयंत्र करते, आणि मजुरांची ने-आण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होते. यंत्रामुळे आठवड्याचे काम दिवसावर आले. तथापि पदराचे टोक पट्ट्यात अडकले किंवा पेंढी लोटताना हात आत ओढला गेला, तर एका क्षणात धडधाकट माणूस आयुष्यभरासाठी अपंग होतो.

अशा प्रसंगी जखमीला दवाखान्यात पोहोचविण्यास सारे गाव धावते. परंतु पुढे वर्षानुवर्षे त्याच्या संसाराचे कसे होणार, हा विचार मागे पडतो. चार प्रतिष्ठित माणसे बसतात, दवाखान्याचा खर्च व वर काही रक्कम असा तोडगा निघतो आणि प्रकरण मिटते. वास्तविक कायद्याने अशा जखमीला जो हक्क दिला आहे, तो या तोडग्याहून पुष्कळ मोठा असतो.

गुंज येथील दुर्घटना

दिनांक ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी वसमत तालुक्यातील गुंज या गावाहून शेतमजुरांना कामावर घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला. सात स्त्रियांचा त्यात अंत झाला. तिघांना वाचविण्यात यश आले. मृतांच्या वारसांना राज्य शासनाने प्रत्येकी ५ लाख रुपये, तर पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. जखमींना या निधीतून ५० हजार रुपये देण्याची घोषणा झाली.

या दुर्घटनेवरून एक भेद प्रत्येकाने ध्यानात घ्यावा. शासनाची मदत म्हणजे सानुग्रह साहाय्य होय. ज्याच्या कामावर, ज्याच्या यंत्राने वा वाहनाने इजा झाली, त्याच्याकडून कायद्याने मिळणारी रक्कम म्हणजे नुकसानभरपाई. पहिली मिळाली म्हणजे दुसरीचा हक्क संपला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही.

खातेदारासाठी सानुग्रह अनुदान

शेतकऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना महाराष्ट्रात २००५-०६ पासून राबविली जात होती. विमा कंपन्यांमार्फत चालणाऱ्या या पद्धतीऐवजी १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू झाली. १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्ती (आई, वडील, पती वा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी) असे दोघे तीस पात्र आहेत. मृत्यू झाल्यास २ लाख. दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा व एक अवयव निकामी झाल्यास २ लाख. एक डोळा अथवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये अनुदान मिळते. रस्त्यावरील अपघात, विजेचा धक्का, वीज पडणे, सर्पदंश, फवारणीतील विषबाधा, उंचावरून पडणे, पाण्यात बुडणे इत्यादींचा योजनेत समावेश आहे.

अपघातापासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. सातबारा उतारा, वयाचा पुरावा, पोलिसांचा प्रथम माहिती अहवाल वा पंचनामा अथवा पोलीस पाटलाचा अहवाल, आणि मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला व गाव नमुना ६ क प्रमाणे वारसाची नोंद ही कागदपत्रे लागतात. याच अपघातासाठी शासनाच्या अन्य योजनेतून लाभ घेतला असल्यास तसे अर्जात स्पष्ट नमूद करावे.

मात्र या योजनेचा आधार सातबारा आहे. ज्याच्या कुटुंबाच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, त्या मजुराला तिचा लाभ नाही. मळणीयंत्राच्या तोंडाशी बहुधा हाच मजूर उभा असतो. त्याने कोठे जावे?

मजुरासाठी भरपाईचा कायदा

कामावर इजा झालेल्या कामगारास मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आपल्या देशात १९२३ पासून होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने घेतली आहे. ट्रॅक्टरने किंवा वाफ, वीज वा अन्य यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतील कामगार जुन्या कायद्याच्या अनुसूचीत होते व ते नव्या संहितेतही आहेत. मालकाची चूक सिद्ध करण्याची येथे गरज नसते. कामामुळे आणि काम चालू असताना इजा झाली, एवढे दाखवावे लागते.

भरपाईचा हिशेब ठरलेला आहे. पूर्ण व कायमचे अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेस वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणावयाचे. अंशतः अपंगत्वात, कमावण्याची शक्ती जितके टक्के गेली तितका हिस्सा मिळतो. एक हात गेल्यास ६० टक्के व अंगठा गेल्यास ३० टक्के हानी अनुसूचीत धरली आहे. उदाहरणादाखल, ३५ वर्षे वयाच्या व महिना १० हजार रुपये मिळविणाऱ्या मजुराचा हात मळणीयंत्रात गेला असे समजू. दहा हजारांचे ६० टक्के म्हणजे ६ हजार. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६. गुणाकार ११ लाख ८२ हजार ३६० रुपये. त्याचे ६० टक्के म्हणजे ७ लाख ९ हजार ४१६ रुपये. गावच्या बैठकीत पंचवीस-तीस हजारांवर मिटविलेल्या हाताची कायद्यातील किंमत ही आहे.

मजूर नशेत असल्यास, अथवा त्याने सुरक्षेचे आवरण जाणूनबुजून काढले असल्यास मालक भरपाई नाकारू शकतो. परंतु मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास ही सबबही चालत नाही. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार, तो मुद्रांकावर असला तरी, कायद्याने रद्दबातल ठरतो. मृत्यूच्या प्रकरणी रक्कम परस्पर न देता सक्षम प्राधिकाऱ्याकडे भरावयाची असते. म्हणून मालकाने परस्पर पैसे देऊन आपण सुटलो असे मानू नये, आणि मजुरानेही न वाचता कोणत्याही कागदावर अंगठा उठवू नये.

वाहनाचा अपघात

ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे. त्याच्या अपघातात जखमी झालेल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. चालकाची चूक सिद्ध न करता मागावयाची भरपाई १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये अशी ठरलेली आहे. निष्काळजीपणा सिद्ध करता येत असेल, तर खर्च, बुडालेली मजुरी, पुढील उत्पन्नाची हानी व यातना या सर्वांचा हिशेब मांडून अधिक रकमेचा दावा करता येतो. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. अपघात परजिल्ह्यात झाला तरी जखमी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणात दावा चालू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले आहे. डॉक्टरांनी लिहिलेले अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचे नुकसान ही एक नव्हेत. डावा हात गमावलेला कारकून नोकरीत राहू शकेल; सुताराचा व चालकाचा मात्र धंदाच बुडतो. नांगर, कोळपे आणि विळा चालविणाऱ्याच्या बाबतीतही न्यायाधिकरणापुढे हेच मांडावे.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. ट्रॉली ही शेतमाल वाहण्यासाठी असते. तीत माणसे बसविलेली असल्यास विमा कंपनी जबाबदारी नाकारते, आणि मग सारा भार ट्रॅक्टरमालकाच्या घरादारावर येऊ शकतो.

पहिल्या आठवड्यातील कामे

भरपाईचे बहुतेक दावे कायद्याअभावी नव्हे, तर पुराव्याअभावी दुबळे होतात. सबब पुढील गोष्टी तत्काळ कराव्यात.

१. दवाखान्यात इजा कशी झाली हे खरे सांगावे. ‘घरी पडला’ असे लिहविले गेले, तर तोच कागद पुढे आडवा येतो.
२. पोलीस पाटलास व पोलीस ठाण्यास कळवून जागेचा पंचनामा करून घ्यावा. यंत्र, पट्टा, वाहनाचा क्रमांक यांची छायाचित्रे काढावीत.
३. मालकास लेखी सूचना देऊन तिची पोच ठेवावी. सोबतच्या मजुरांची नावे व मजुरीचा दर लिहून ठेवावा.
४. औषधांची व प्रवासाची प्रत्येक पावती एका पिशवीत जपावी. उपचार संपल्यावर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे.
५. वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

दोन्ही बाजूंचा विचार

हिंगोलीच्या शेतकऱ्याचे स्थान यात दुहेरी आहे. आज तो दुसऱ्याच्या यंत्रावर जखमी होईल, तर उद्या त्याच्याच खळ्यावर मजुराचा हात जाईल. तेव्हा मळणीयंत्र भाड्याने आणताना त्याचे आवरण व घास लोटण्याची पन्हाळी शाबूत आहे की नाही, हे पाहून मगच ते सुरू करू द्यावे. मजुरांना ट्रॉलीत बसवू नये. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे व अंशतः अपंगत्वासाठी १ लाखाचे संरक्षण मिळते. हंगामापूर्वी आपल्या घरच्या माणसांचे व नेहमीच्या मजुरांचे हे खाते तपासून घेणे कठीण नाही.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. गेलेला हात कोणताही कायदा परत देत नाही. परंतु त्या हातावर जगणारी मुले शाळेतून काढली जाऊ नयेत, एवढे कायदा खचित करू शकतो. त्यासाठी जखमीने मागण्यास लाजू नये आणि देणाऱ्यानेही तो उपकार समजू नये. भरपाई हा श्रमाचा हक्क आहे, आणि तो मिळवून देण्यास साहाय्य करणे हे गावातील प्रत्येक जाणत्या माणसाचे कर्तव्य होय.