धुळेकरांचे भाषण आहे, मत नाही

१० डिसेंबर १९४६. घटना समितीच्या बैठकीचा दुसराच दिवस. कामकाजाचे नियम ठरवण्यासाठी समिती नेमावी, असा ठराव आचार्य कृपलानींनी मांडलेला आणि खुर्चीत हंगामी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा. तेवढ्यात झाशीचे एक वकील उठले आणि खणखणीत हिंदुस्थानीत उपसूचना मांडू लागले. हे नियम इंग्रजीत नको, हिंदुस्थानीत करा, एवढेच त्यांचे म्हणणे. सिन्हांनी त्यांना आठवण करून दिली की सभागृहातल्या अनेकांना ही भाषा कळत नाही. त्यावर वकीलसाहेब जे बोलले ते आजही इंटरनेटवर फिरते आहे. ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा अधिकार नाही, आणि घटना करायला आलेल्यांपैकी ज्यांना ती येत नाही त्यांनी घरी जावे, असा त्याचा मथितार्थ. गोंधळ माजला, उपसूचना नियमबाह्य ठरली. नेहरूंनी जाऊन त्यांना जागेवर बसवले. पुढे नेहरूंनी त्यांना असेही सुनावले की ही काही झाशीतली जाहीर सभा नव्हे, ‘भाइयो और बहनो’ करून वरच्या पट्टीत बोलायला.

या गृहस्थांचे नाव रघुनाथ विनायक धुळेकर. घराणे मराठी, जन्म १८९१ मध्ये झाशीतच. नारोशंकरांनी १७४२ च्या सुमारास झाशीचा कारभार हाती घेतला, पुढे नेवाळकरांची सुभेदारी आली, आणि त्यांच्यामागून गेलेली मराठी कुटुंबे तिथेच रुजली. बुंदेलखंडात त्यांना ‘दक्षिणी’ म्हणतात. घरात मराठी आणि बाहेर हिंदीचा कडवा कैवार, ही जोडी आपल्याला विचित्र वाटते; पण बाबूराव पराडकर, माधवराव सप्रे, काका कालेलकर ही सगळी त्याच वाटेची माणसे. धुळेकर त्यातले सर्वांत तिखट, एवढेच.

धुळेकर बोलले काय, हे आपल्याला शब्दन्‌शब्द ठाऊक आहे. त्यांनी मत कसे दिले, हे मात्र कागदावर शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. यात त्यांचा काही दोष नाही. आपल्या कायदेमंडळांची रीतच तशी आहे.

सप्टेंबर १९४९ मधला भाषेचा वाद घ्या. मुन्शी-अय्यंगार तोडगा पुढे आला: राजभाषा देवनागरीतली हिंदी, आकडे मात्र ‘आंतरराष्ट्रीय’, आणि इंग्रजी आणखी पंधरा वर्षे. १३ सप्टेंबरला धुळेकर उठले. हिंदी नुसती राजभाषा नव्हे, राष्ट्रभाषाच आहे, असे ते म्हणाले; आणि स्वराज्य येऊनही विद्यापीठांना इंग्रजीतच चालावे लागणार, या कल्पनेने आपल्याला शहारे येतात, असेही. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राचे शंकरराव देव बोलले ते जवळजवळ उलट. साऱ्या देशाची एकच संस्कृती, असे म्हणणे भारताच्या भवितव्याला धोक्याचे आहे, असा त्यांचा इशारा होता. एकाच मातृभाषेची दोन माणसे, दोन टोकांवर. १४ सप्टेंबरला तोडगा मंजूर झाला. छापील इतिवृत्तात दुरुस्त्या ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ झाल्याचे आहे. कोणाचा हात कुठे वर गेला, ते नाही.

खरी चुरस तर त्याआधी बंद दाराआड, काँग्रेस पक्षाच्या बैठकीत झाली. आंबेडकरांनी १९५५ मध्ये ‘भाषिक राज्यांविषयीचे विचार’ या पुस्तकात ती सांगितली आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार हिंदीच्या प्रश्नावर ७८ विरुद्ध ७८ अशी बरोबरी झाली, आणि फेरमतदानात ७८ विरुद्ध ७७. घटनेचे अभ्यासक ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांच्या मते निसटते मतदान झाले ते आकड्यांवर. म्हणजे ज्या देवनागरी आकड्यांत हा लेख छापला आहे, त्यांच्यावर. एका मताने देशाची भाषा वा तिचे अंक ठरले, आणि त्या दीडशे जणांची यादी नाही.

इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये १८३६ पासून मतविभागणीच्या याद्या अधिकृतपणे छापल्या जातात. अमेरिकेच्या घटनेत तर हजर सभासदांपैकी एक पंचमांशांनी मागणी केली की प्रत्येकाचे ‘होय’-‘नाही’ नावानिशी नोंदवावेच लागते. आपल्याकडचा रिवाज आवाजाचा. सभापती प्रश्न विचारतात, ‘होय’ म्हणणारे ओरडतात, ‘नाही’ म्हणणारे ओरडतात, आणि कोणाचा आवाज जड ते सभापतींचा कान ठरवतो. कोणी हरकत घेतलीच तर लॉबी मोकळी करायची, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा विचारायचा, आणि तरीही हरकत कायम राहिली तर मतविभागणी घ्यायची. त्यातही मेख आहेच. मागणी विनाकारण आहे असे सभापतींना वाटले, तर ते सभासदांना जागेवर उभे करून डोकी मोजू शकतात, आणि तेव्हा नावे नोंदवली जात नाहीत.

मग आपल्या खासदाराचे मत कधी सापडते? ते विधेयक कोणत्या जातीचे आहे त्यावर. धुळेकर १९५२ ते १९५७ लोकसभेत झाशीचे प्रतिनिधी होते. त्यांच्याच काळात, १९५६ मध्ये, राज्य पुनर्रचनेची दोन विधेयके जोडीने आली. एक राज्य पुनर्रचना विधेयक, दुसरे सातवी घटनादुरुस्ती. विषय एकच, पण पहिले कलम ३ खालचे, म्हणून साध्या बहुमताचे. दुसऱ्याला कलम ३६८ प्रमाणे एकूण सभासदांचे बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश हवेत. दोनतृतीयांश कानाने मोजता येत नाहीत, म्हणून तिथे मतविभागणी करावीच लागते. नकाशा बदलणे सोपे, त्या बदलाला जुळणारा घटनेतला मजकूर बदलणे अवघड, अशी ही गंमत. आपले महाराष्ट्र राज्यही १९६० मध्ये साध्या बहुमताच्या कायद्यानेच झाले.

धुळेकर पुढे १९५८ पासून १९६४ पर्यंत उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती होते. या पदावर माणसाला मत जवळजवळ उरतच नाही. समसमान मते पडली तरच त्याला निर्णायक मत. सभागृहही तोळामासा ताकदीचे. धनविधेयक परिषदेला फक्त चौदा दिवस धरता येते, साधे विधेयक पहिल्या फेरीत तीन महिने आणि दुसऱ्या फेरीत एक महिना. राज्यात संयुक्त बैठकीची सोय नाही, अखेरचा शब्द विधानसभेचा. आणि त्याच खुर्चीला कलम २१० ने एक अधिकार दिला आहे: ज्या सभासदाला हिंदी-इंग्रजीत नीट मांडता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलू देण्याचा. १९४६ मध्ये ज्यांनी हिंदुस्थानी न येणाऱ्यांना दार दाखवले होते, त्यांच्याच हाती हा अधिकार आला.

ते त्या खुर्चीत असतानाच त्यांच्या आयुष्याच्या लढाईचा निकाल लागला. पंधरा वर्षांची मुदत २६ जानेवारी १९६५ ला संपायची होती. १९६३ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी राजभाषा विधेयक आणले आणि इंग्रजी मुदतीनंतरही चालू ठेवण्याची वाट खुली केली. त्यासाठी घटनादुरुस्ती लागली नाही. पंधरा वर्षांनंतर संसदेला साध्या कायद्याने इंग्रजीचा वापर चालू ठेवता येईल, हे कलम ३४३ मध्येच लिहिलेले होते. १९४९ मध्ये सगळे भांडले ते पहिल्या वाक्यावर. दार होते तिसऱ्या पोटकलमात. झाशीच्या खासदार तेव्हा डॉ. सुशीला नायर, नेहरूंच्या आरोग्यमंत्री. मंत्र्याचे मत सरकारबरोबर जाते, त्यात शोधण्यासारखे काही नाही.

विधेयकाची जात ठरवण्याचे सामर्थ्य कोणाकडे, हेही पाहायला हवे. धनविधेयक कोणते ते लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात, आणि मग राज्यसभेला नुसता सल्ला देता येतो. २०१६ मध्ये ‘आधार’ विधेयकाला तसे प्रमाणपत्र मिळाले. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या. लोकसभेने त्या त्याच दिवशी फेटाळल्या. प्रमाणपत्र देणाऱ्या अध्यक्ष सुमित्रा महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या खासदार. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते ग्राह्य धरले. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी मात्र भिन्न निकालपत्रात ही घटनेची फसवणूक असल्याचे म्हटले.

खासगी सभासदाच्या विधेयकांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आजवर चौदा कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये.

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे पक्षांतरबंदीने, नोंदवलेल्या मताचेही मोल उतरवले. पक्षादेशाविरुद्ध बटण दाबले की सभासदत्व धोक्यात. त्यामुळे मतविभागणीची यादी वाचली तरी बहुधा पक्षच दिसतो, माणूस नाही. खासदारांची प्रगतिपुस्तके छापणाऱ्या संस्थाही म्हणूनच हजेरी, प्रश्न आणि चर्चा मोजतात. ते मोजता येते म्हणून मोजतात; कामाचे खरे माप ते नव्हे, असे मला वाटते. अपवादही असतात. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली. ते दोघे कोण हे देशाला त्याच संध्याकाळी कळले: हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे इम्तियाज जलील. आपल्या भूमिकेची नोंद राहावी, हे त्यांना हवेच होते.

झाशीच्या मतदाराच्या जिव्हाळ्याचा प्रश्न मात्र घटनादुरुस्तीचा नाही. वेगळ्या बुंदेलखंडाची मागणी जुनी आहे. राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालाला सरदार पणिक्करांनी जी भिन्नमतपत्रिका जोडली, तिच्यात झाशी विभाग उत्तर प्रदेशातून काढून आग्र्याच्या नव्या राज्यात घालावा, असे होते. २१ नोव्हेंबर २०११ ला मायावतींच्या सरकारने उत्तर प्रदेशचे चार तुकडे करण्याचा ठराव विधानसभेत आणला. त्यातला एक बुंदेलखंड. काही मिनिटांत तो आवाजी मतदानाने संमत झाला. ठराव हा कायदा नव्हे, विधेयक आणणे केंद्राच्या हाती. त्यामुळे पुढे काही घडले नाही. पण त्या गलक्यात झाशी जिल्ह्याच्या आमदारांपैकी कोणी ‘होय’ म्हटले आणि कोण गप्प बसले, हे इतिवृत्तावरून सांगता येणार नाही. १८ फेब्रुवारी २०१४ ला तेलंगणाचे विधेयकही लोकसभेत आवाजी मतदानानेच पार पडले. एवढा मोठा निर्णय, आणि समोर झाली ती ढकलाढकली.

उद्या बुंदेलखंडाचे विधेयक आले तर तेही कलम ३ खालीच येईल, आणि साधे बहुमत पुरेल. झाशीच्या खासदाराला आपले मत नावानिशी नोंदवून घ्यायचे असेल, तर त्याने सभापतींच्या कानावर हरकत घेऊन मतविभागणी मागायला हवी. मागायला एक सभासद पुरतो. लॉबी मोकळी व्हायला साडेतीन मिनिटे लागतात.