घरचा जुना संगणक : दुरुस्त करावा, बदलावा की नवा घ्यावा?

सात-आठ वर्षे वापरलेला घरचा संगणक सुरू व्हायला दहा मिनिटे घेऊ लागला, की घरात एकच चर्चा सुरू होते : आता नवा घेतलाच पाहिजे. दुकानातही हेच सांगितले जाते आणि सोबत हप्त्यांची योजनाही पुढे केली जाते. पण संगणक ही गुंतवणूक नाही. घरी आणल्या दिवसापासून त्याची किंमत घटतच जाते. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे शोधा. संगणकातले नेमके काय जुने झाले आहे? आणि ते बदलले, तर संगणक आणखी किती वर्षे सुरक्षितपणे चालेल? ही दोन उत्तरे मिळाली, की तंत्रज्ञान न समजणाऱ्यालाही योग्य निर्णय घेता येतो.

आधी दुखणे ओळखा

संगणक म्हणजे अनेक सुट्या भागांची जुळणी. सगळे भाग एकाच वेळी म्हातारे होत नाहीत.

• सुरू व्हायला फार वेळ लागतो, फाइल उघडताना अडकतो : बहुतेक वेळा दोष जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्यात फिरणारी तबकडी असते. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर तोच संगणक एक-दीड मिनिटाच्या आत कामाला लागू शकतो. खात्रीसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. उघडणाऱ्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये ‘डिस्क’चा आकडा सतत १०० टक्क्यांच्या आसपास असेल, तर अडचण तिथेच आहे.

• एकटे काम बरे चालते, पण चार-पाच पाने एकदम उघडली की गुदमरतो : रॅम कमी पडते आहे. ४ जीबी रॅम आजच्या वापराला अपुरी आहे. ८ जीबी असेल तर घरचे काम निभावते.

• दर वेळी तारीख-वेळ चुकते, बँकेचे संकेतस्थळ उघडताना सुरक्षेचा इशारा येतो : मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला असण्याची शक्यता जास्त. हा सेल घड्याळाच्या दुकानातही थोडक्या पैशांत मिळतो. तारीख चुकीची असेल, तर बँकेचे सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला मुदतबाह्य वाटते, म्हणून तो इशारा देतो.

• मध्येच आपोआप बंद पडतो : आत धूळ साचून पंखा अडला असेल, किंवा वीज पुरवणारा एसएमपीएस कमजोर झाला असेल. दोन्ही दुरुस्त्या आटोक्यातल्या आहेत.

• डिस्कमधून टकटक आवाज येतो : काम थांबवा आणि सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. ही डिस्क कधीही बंद पडू शकते.

• मदरबोर्ड गेला आहे, असे दुरुस्तीवाला सांगतो : इथे मात्र हात आखडता घ्या. जुन्या संगणकासाठी तसाच बोर्ड शोधणे अवघड असते आणि मिळाला तरी तोही वापरलेलाच असतो.

पडद्यावर अचानक ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे झळकले, तर फोन करू नका. ही फसवणुकीची जुनी तऱ्हा आहे. समोरची व्यक्ती संगणकाचा ताबा देणारे अ‍ॅप घ्यायला लावते आणि बँक खात्यापर्यंत पोहोचते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही सांगा.

सुरक्षेची मुदत पाहा

वेग वाढवता येतो, पण मुदत संपलेली प्रणाली वापरणे धोक्याचे आहे. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, म्हणूनच लोक गाफील राहतात. पण नव्याने सापडणारी भोके बुजवली जात नाहीत. अशा संगणकावरून नेट बँकिंग करणे, म्हणजे कुलूप बिघडलेल्या कपाटात पासबुक ठेवण्यासारखे आहे.

तुमचा संगणक विंडोज ११ चालवू शकतो का, हे मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत अ‍ॅपवर कळते. साधा अंदाज असा : ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. तिथे प्रोसेसरचे नाव असते. इंटेल कोअर मालिकेत ‘आय-५’ सारख्या नावापुढचा क्रमांक ४५७० असेल तर तो चौथ्या पिढीचा, ८४०० असेल तर आठव्या पिढीचा आणि १०४०० असेल तर दहाव्या पिढीचा. साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर विंडोज ११ साठी चालतात.

संगणक त्याहून जुना असेल, तरी तो लगेच भंगारात देण्याची गरज नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू या प्रणाली मोफत मिळतात आणि त्यांना सुरक्षा अपडेटही मिळतात. इंटरनेट, पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते एवढेच काम असेल, तर त्या पुरतात. मात्र तुमचा प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन किंवा हिशेबाचे खास सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी तपासून घ्या. हा बदल होईपर्यंत पैशांचे व्यवहार अद्ययावत मोबाइलवरूनच करा.

‘वर्षाचा खर्च’ काढा

दुरुस्ती, वापरलेला संगणक आणि नवा संगणक यांच्या किमतींची थेट तुलना करू नका. एकूण खर्चाला अपेक्षित वर्षांनी भागा. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावातले भाव विचारून तुमचे आकडे घाला.

पर्याय १ : आठव्या पिढीचा संगणक. एसएसडी, रॅम आणि मजुरी मिळून ८,४०० रुपये. आणखी ३ वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाला २,८०० रुपये.

पर्याय २ : कचेरीत वापरून विक्रीस आलेला, तपासून दुरुस्त केलेला म्हणजेच ‘रिफर्बिश्ड’ संगणक. किंमत १८,००० रुपये, ४ वर्षे. वर्षाला ४,५०० रुपये.

पर्याय ३ : नवा संगणक. किंमत ३५,००० रुपये, ७ वर्षे. वर्षाला ५,००० रुपये.

इथे दुरुस्ती स्वस्त पडते. पण तोच संगणक चौथ्या पिढीचा असेल आणि तुमच्या कामाला विंडोजच लागत असेल, तर ८,४०० रुपये घालूनही एखादेच वर्ष निघेल. मग दुरुस्तीचा वर्षाचा खर्च नव्या संगणकापेक्षा जास्त होतो. कमी रक्कम म्हणजे कमी खर्च, असे दर वेळी नसते.

‘नवा घेतला की वीज वाचेल’ हेही ऐकू येते. ते खरे आहे, पण किती? जुना संगणक मॉनिटरसह १२० वॅट आणि नवा ५० वॅट घेतो, असे समजा. रोज ४ तास वापरला, तर महिन्याला ८.४ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाला सुमारे ८०० रुपये. केवळ त्यासाठी ३५,००० रुपये घालणे परवडत नाही.

नवा घ्यायचा ठरला, तर काय मागावे

घरचे काम म्हणजे बँक, सरकारी अर्ज, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ कॉल आणि फोटो. एवढ्यासाठी ८ जीबी रॅम, किमान २५६ जीबी एसएसडी आणि अलीकडच्या पिढीचा साधा प्रोसेसर पुरतो. रॅम पुढे वाढवता येईल का, हे मात्र नक्की विचारा. वेगळे ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट यांवर पैसे घालू नका. उलट बाजूने, ४ जीबी रॅमचा अगदी स्वस्त नवा संगणकही टाळा; तो पहिल्याच वर्षी मंद वाटू लागेल.

जुना मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस चांगले असतील, तर तेच वापरा. फक्त मॉनिटरची वायर नव्या संगणकाला जुळते का ते पाहा. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए जोडणी असेल, तर काही शे रुपयांचा कन्व्हर्टर लागतो; त्यासाठी नवा मॉनिटर घेण्याची गरज नसते. घरात वीज वारंवार जात असेल किंवा संगणक बाहेर न्यावा लागत असेल, तर लॅपटॉपचा विचार करा. मात्र त्यात पडदा किंवा कीबोर्ड बिघडला, तर दुरुस्ती महाग पडते.

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत भाव कमी मिळू शकतो. पण किमान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. त्यात प्रत्येक भागाचे नाव, वॉरंटीची मुदत आणि जीएसटीसह एकूण रक्कम लिहिलेली असावी. बंद खोक्यावरच्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी मागितला, तर देऊ नका.

असेम्बल्ड किंवा वापरलेला संगणक घेताना विंडोजचा परवाना बिलावर लिहून घ्या. ‘विंडोज आम्ही फुकट टाकून देतो’ असे कोणी म्हणाले, तर ती बहुधा चोरीची प्रत असते. तिच्यात काय घुसवलेले आहे, हे तुम्हाला कळत नाही आणि त्याच संगणकावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करणार असता. ‘बिल नको असेल तर इतके कमी करतो’ यालाही भुलू नका. पक्के बिल नसेल, तर वॉरंटी मागणे आणि तक्रार करणे दोन्ही अवघड होते. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

‘विनाव्याज हप्ता’ तपासून घ्या

व्याजाचा बोजा कुठेतरी पडतोच. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावताना शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, असे स्पष्ट केले होते.

एक उदाहरण पाहा. संगणकाची छापील किंमत ३६,००० रुपये. रोख घेतल्यास दुकानदार २,००० रुपये सोडतो, म्हणजे तुम्हाला ३४,००० रुपये पडतात. हप्त्यांवर घेतल्यास ३,००० रुपयांचे १२ हप्ते. वरवर पाहता व्याज नाही. पण बँकेचा दर १५ टक्के असेल, तर या हप्त्यांत सुमारे २,७६२ रुपये व्याज असते. तेवढी सूट किमतीत दाखवली जाते, म्हणून हप्ता ‘विनाव्याज’ दिसतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४९७ रुपये तुम्हीच भरता. प्रक्रिया शुल्क २०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ३६ रुपये. एकूण ३६,७३३ रुपये. म्हणजे रोखीपेक्षा २,७३३ रुपये जास्त.

आता तेच ३,००० रुपये वर्षभर बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले आणि दर ६.५ टक्के असेल, तर वर्षअखेरीस ३६,००० रुपये मुद्दल आणि बाराशे रुपयांच्या पुढे व्याज हाती येते. त्यातून रोखीने खरेदी करता येते आणि वर थोडी रक्कम उरते. म्हणून संगणक पाच-सहा वर्षांचा झाला, की त्याच्या नावाने आवर्ती ठेव सुरू करा. संगणक बंद पडण्याची वाट पाहू नका, कारण घाईच्या वेळी माणूस मिळेल त्या हप्त्याला होकार देतो.

कर्ज घ्यावेच लागले, तर बँकेकडून किंवा वित्त कंपनीकडून ‘मुख्य तथ्य विवरण’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. आजारपण किंवा नोकरी जाणे यांसाठी ठेवलेल्या आकस्मिक निधीला मात्र संगणकासाठी हात लावू नका.

जुना संगणक देण्यापूर्वी

भंगारवाल्याला संगणक दिला, की त्यातल्या डिस्कमध्ये तुमचे आधार, पॅन, बँकेची विवरणे आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड जातात. फाइल ‘डिलीट’ केल्याने ती पूर्ण पुसली जात नाही. आधी सर्व फाइलींची प्रत घ्या आणि ती नव्या संगणकावर उघडते का ते पाहा. मग ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि डिस्क पूर्ण स्वच्छ करण्याचा पर्याय चालू करा. संगणक सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. उरलेला सांगाडा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला किंवा कंपनीच्या परत-खरेदी योजनेत द्या.

लक्षात ठेवा

१. आधी बिघाड ओळखा, मगच दुकानात जा.
२. सुरक्षा अपडेट मिळत नसलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका.
३. किमतीची नाही, वर्षाच्या खर्चाची तुलना करा.
४. तीन कोटेशन, पक्के बिल आणि परवान्यासह प्रणाली घ्या.
५. हप्त्याची एकूण रक्कम रोख किमतीशी ताडून पाहा.
६. डिस्क पुसल्याशिवाय जुना संगणक घराबाहेर देऊ नका.