मान ‘कट्ट’ करून घेण्याआधी हे वाचा: ॲटलास मणक्याचा मोजूनमापून उपचार म्हणजे काय?

पवनी तालुक्यातल्या कोंढा-कोसरा भागात धानाची रोवणी लागली की मान आणि कंबर धरलेली माणसं घरोघरी दिसतात. दिवसभर बांधीत वाकून काम, डोक्यावर ओझं, संध्याकाळी उरलेला वेळ मोबाईलवर मान घालून. बिड्या वळणाऱ्या बायकांची मान तर बाराही महिने खालीच. दुखलं की आपले उपाय ठरलेले आहेत. तेल लावून चोळायचं, हिजामा करून घ्यायचा, नाहीतर दाढीच्या दुकानात खुर्चीत बसल्या बसल्या मान दोन्ही बाजूंनी ‘कट्ट’ करून घ्यायची. आता यात कायरोप्रॅक्टिकच्या व्हिडिओंची भर पडली आहे. आवाज मोठा, पेशंट खूश, आणि खाली लिहिलेलं असतं की मायग्रेन गेला, बीपी गेला.

पण या शास्त्रात एक शाखा अशी आहे जिच्यात मान मोडतच नाहीत. तिच्याबद्दल आम्ही सविस्तर लिहितोय, कारण फरक कळला तर धोकाही कळतो.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी केली. त्यांचा मुलगा बी. जे. पामर याने १९३० च्या दशकात सगळं लक्ष मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांवर आणलं. मानेत सात मणके असतात. सर्वात वरचा ॲटलास, म्हणजे नुसती कडी. चार-पाच किलोचं डोकं तिच्यावर टेकलेलं असतं. त्याखालचा ॲक्सिस, त्याला वर निघालेला खुंटीसारखा सुळका. नमाज संपवून सलाम फेरताना मान उजवीकडे-डावीकडे वळते ना, त्यातली जवळपास निम्मी फिरकी एकट्या या जोडीची.

या शाखेच्या पुढे अनेक पद्धती निघाल्या. नक्का ही त्यातली एक, १९६६ साली राल्फ ग्रेगरी यांच्या पुढाकाराने तिची संघटना उभी राहिली. यात आधी मानेचे वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे काढतात. ॲटलास कवटीच्या तुलनेत किती अंश कलला आहे, हे त्यावर रेषा ओढून मोजतात. मग पेशंटला कुशीवर झोपवून कानाच्या मागे, जरा खाली, हाताने ठरलेल्या दिशेने हलका दाब देतात. पिळणं नाही, झटका नाही, आवाज नाही. कित्येकांना काही केलं असंही वाटत नाही! पुन्हा एक्स-रे काढून फरक पाहतात, आणि पुढच्या भेटीत मणका जागेवर वाटला तर हात न लावताच परत पाठवतात.

(आवाजाचं म्हणाल तर तो हाड ‘बसल्याचा’ नसतोच. सांधा ताणला की त्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज.)

मग ही पद्धत चांगली का? हलकी आहे, हे खरं. पण ॲटलास थोडा कलल्याने शरीरभर आजार होतात, हा दावा मोठ्या आणि पक्क्या अभ्यासांनी सिद्ध झालेला नाही. २००७ मध्ये पन्नास जणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात नक्काने रक्तदाब उतरल्याचं दिसलं, आणि तेव्हापासून ते उदाहरण सगळीकडे फिरतं आहे. पन्नास माणसांच्या जोरावर बीपीची गोळी बंद करणं आम्हाला तरी धोक्याचं वाटतं. शिवाय वारंवार एक्स-रे म्हणजे वारंवार किरणं. पोटुशी बाईने तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

खरी भीती आहे ती जोरात मान पिळण्याची. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात आणि ॲटलासपाशी वळण घेतात. तिथे आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन लकवा होऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये याचा आढावा घेतला. असे प्रसंग कमी आहेत, आणि मान पिळण्यानेच ते झाले हे सिद्ध नाही, पण दोन्हींचा संबंध दिसतो, म्हणून पेशंटला आधी सांगितलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दाढीच्या दुकानात हे कोण सांगणार?

भारतात कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी सरकारी परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण प्रशिक्षण किमान ४२०० तासांचं धरलं आहे. आपल्याकडे चार दिवसांच्या कोर्सवरही पाटी लागू शकते. तेव्हा शिक्षण कुठे झालं, किती वर्षांचं, हे विचारायला लाजू नका. साध्या मानदुखीला आधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. स्वस्तही पडतं. तोवर सजद्यात मान वाकवताना कळ येत असेल तर आजाऱ्याला सवलत आहे, इमाम साहेबांना विचारून घ्या.

काही माणसांच्या मानेला मात्र कुणालाच हात लावू देऊ नका: हाडं ठिसूळ झालेले बुजुर्ग, संधिवाताचे जुने रुग्ण, कॅन्सर झालेले. हाताची पकड सैल पडणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं ही मज्जारज्जू दबल्याची खूण असू शकते. मानदुखीबरोबर रोज संध्याकाळी ताप आणि वजन घटत असेल तर मणक्याचा टीबीही असू शकतो, आणि त्याला खोकला असावाच लागतो असं नाही. अशांनी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आधी तपासणी करून घ्यावी.

आणि मान मोडून घेतल्यानंतर, कधीकधी काही दिवसांनीही, अचानक कधी नव्हे असं मानेत किंवा डोक्यात दुखलं, चक्कर आली, दोन-दोन दिसू लागलं, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर झोपून राहू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं किती वाजता सुरू झाली ते घरच्यांनी लिहून ठेवावं, आणि मान कधी व कुणाकडून मोडून घेतली, हे डॉक्टरांना न लपवता सांगावं.