फ्यूज उडत नाही, पण वितळतो. जुन्या गाडीत असं का होतं?

रात्रीचा प्रवास सुरू असताना हेडलाईट पिवळट होतात आणि डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळल्याचा वास येतो. फ्यूज बॉक्स उघडल्यावर दिसतं, की फ्यूजची तार शाबूत आहे. पण त्याचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलंय. जुन्या गाड्यांच्या मालकांना हा प्रकार नवा नाही. अशा वेळी अनेक जण जास्त अँपिअरचा फ्यूज लावून मोकळे होतात. खरा धोका तिथेच असतो.

फ्यूज का उडत नाही?

मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला, की फ्यूज वितळून सर्किट तोडतो. इथे मात्र प्रवाह मर्यादेतच असतो. बिघाड असतो तो फ्यूज धरून ठेवणाऱ्या क्लिपमध्ये किंवा वायरच्या जोडात.

पितळेचं भांडं कळकतं, तशाच दमट हवेत या क्लिपाही कळकतात. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी त्यांची पकड सैल होते. मग विजेच्या वाटेत अडथळा, म्हणजेच रोध वाढतो.

६० वॉटचे दोन बल्ब अप्परवर सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम असला, तरी तिथे १० वॉट उष्णता तयार होते. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न सोल्डर वितळवतं. त्यावरून नखाएवढ्या जागेतले १० वॉट काय करतील, याचा अंदाज येतो. उष्णतेने क्लिप आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो आणि हे चक्र सुरूच राहतं.

जास्त वॉटचे बल्ब लावले तर?

त्याच वायरिंगवर १०० वॉटचे बल्ब लावले, तर प्रवाह साधारण १७ अँपिअरवर जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे प्रवाह पावणेदोन पटही होत नाही, पण जोडावरची उष्णता जवळपास तिप्पट होते. अनेक जुन्या गाड्यांत हा प्रवाह रिलेशिवाय थेट स्विचमधून जातो. त्यामुळे स्विचही वितळतो.

दोष कसा शोधायचा?

- फ्यूजचा एकच पाय काळवंडला असेल, तर त्या बाजूची क्लिप किंवा जोड आधी तपासावा.
- दिवे सुरू ठेवून मल्टिमीटरची एक पिन क्लिपला आणि दुसरी फ्यूजच्या त्याच बाजूच्या पायाला लावावी. साधारण ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर जोड खराब समजावा.
- बॉडीला जिथे अर्थिंग जोडलंय, तिथला गंजही पाहावा.

दुरुस्ती कशी होते?

सर्वात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. नुसता कळंक असेल, तर क्लिप कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून चालतं. पण एकदा तापून पकड गेलेली क्लिप चिमटून घट्ट केली, तरी ती फार दिवस टिकत नाही; ती बदलावीच लागते. काळी पडलेली वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून, योग्य मापाचा लग क्रिंप करावा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या बिघाडाला आमंत्रण. हेडलाईटसाठी फ्यूजसह वेगळा रिले बसवला, की स्विचवरचा भार जातो. फ्यूज बॉक्सच वितळला असेल, तर काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावं.

मोठा फ्यूज का नको?

फ्यूज वायरला आगीपासून वाचवण्यासाठी असतो. १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी ३० अँपिअरचा हिरवा लावला, तर शॉर्टसर्किट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायर पेटू शकते. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला, तर ते संरक्षणही उरत नाही. तापलेला फ्यूज ही धोक्याची सूचना आहे. फ्यूज बदलून ती सूचना बंद होते. सैल जोड मात्र तापतच राहतो.