पोलादी पाळण्यांची निवृत्ती आणि निरोपाची तारीख

न्यू जर्सीतील ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’ या उद्यानातला ‘किंगडा का’ हा रोलर कोस्टर २८ फेब्रुवारी २०२५ रोजी स्फोटके लावून पाडण्यात आला आणि १३९ मीटर उंचीचा तो मनोरा काही क्षणांत कोसळतानाची चित्रफीत जगभरातील मोबाइलवर फिरली. मात्र या कोस्टरच्या चाहत्यांचा रोष त्या स्फोटापेक्षा आधीच्या एका घटनेवर अधिक होता. किंगडा का शेवटचा धावला तो १० नोव्हेंबर २०२४ रोजी, आणि तो कायमचा बंद झाल्याची घोषणा झाली ती चार दिवसांनंतर, १४ नोव्हेंबरला. आधीपासून कुजबूज असली तरी अधिकृत दुजोरा नसल्यामुळे त्या शेवटच्या रविवारी रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांना आपण अखेरच्या फेरीसाठी उभे आहोत याची खात्री नव्हती. न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी असल्याने २००५ पासून या कोस्टरवर किंचाळून आलेली मराठी मुलेही कमी नसतील, आणि त्यांनाही ही बातमी इतरांप्रमाणे सारे काही संपल्यावरच कळली.

एका पाळण्याला निरोप देण्यासाठी माणसे शेकडो मैलांवरून यावीत, हे वरवर पाहता पोरकटपणाचे वाटेल. परंतु अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा निरोपाची गेल्या काही दशकांत रीतसर परंपरा तयार झाली आहे. या परंपरेच्या मुळाशी असलेली ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स’ ही संस्था १९७८ मध्ये स्थापन झाली. त्याच्या आदल्या वर्षी ‘रोलरकोस्टर’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी व्हर्जिनियातील किंग्ज डोमिनियन उद्यानात कोस्टरवर दीर्घकाळ बसून राहण्याची स्पर्धा झाली होती आणि तिथे भेटलेल्या काही जणांनी पुढे हा संघ उभारला. आज या मंडळींचे संकेत ठरलेले आहेत. आयुष्यात किती वेगवेगळ्या कोस्टरांवर बसून झाले याची मोजदाद ते ‘क्रेडिट’ या नावाने ठेवतात. उतारावर वा टेकाडावर शरीर आसनापासून क्षणभर उचलले जाते त्या अवस्थेला ‘एअरटाइम’ म्हणतात. आणि उद्यान सर्वसामान्यांसाठी उघडण्यापूर्वी किंवा बंद झाल्यावर फक्त संघाच्या सदस्यांना एखादा कोस्टर खुला केला जातो त्या राखीव वेळेला त्यांच्या लेखी सर्वाधिक मोल असते. पुढच्या डब्यात बसावे की मागच्या, हा वाद तर त्यांच्यात कधीच मिटत नाही.

अशा निरोपाचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणून ओहायो राज्यातील मेसन येथील किंग्ज आयलंड उद्यानातल्या ‘व्होर्टेक्स’कडे पाहता येईल. १९८७ मध्ये सुरू झालेला हा कोस्टर प्रवाशांना एकाच फेरीत सहा वेळा उलटे करणारा जगातील पहिला कोस्टर होता. त्याची उंची सुमारे ४५ मीटर, लांबी साधारण १,१५८ मीटर आणि वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास होता, आणि ३३ हंगामांत त्याच्यावर चार कोटींहून अधिक फेऱ्यांचा आनंद लुटला गेला. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस उद्यानाने त्याचे सेवाआयुष्य संपल्याचे जाहीर केले आणि २७ ऑक्टोबर हा अखेरचा दिवस ठरवला. मिळालेल्या महिनाभराच्या अवधीत ज्यांनी शाळकरी वयात त्याच्यावर पहिल्यांदा पाऊल ठेवले होते ते आपल्या मुलांना घेऊन आले, आणि ज्यांना त्याचे धक्के कधीच आवडले नव्हते तेही ‘एकदाच, शेवटचे’ म्हणून रांगेत लागले.

व्होर्टेक्सचे धक्के हा त्याच्या चाहत्यांमध्येही थट्टेचा विषय होता आणि त्या धक्क्यांचे कारण शोधू लागले की रॉन टूमर या विलक्षण अभियंत्यापाशी येऊन थांबावे लागते. १९३० मध्ये जन्मलेले टूमर हे यांत्रिकी अभियंता. अवकाशयान आणि क्षेपणास्त्रांच्या प्रकल्पांवर काम करून ते १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘अ‍ॅरो डेव्हलपमेंट’ या कंपनीत आले. या कंपनीने १९५९ मध्ये डिस्नेलँडसाठी ‘मॅटरहॉर्न’ हा पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारा पहिला कोस्टर बांधून या धंद्याचे स्वरूपच बदलले होते. लाकडी कोस्टरमध्ये फळ्यांच्या थरांवर पोलादाची पट्टी ठोकून रूळ करतात, त्यामुळे त्याला वळण देण्यास मर्यादा पडतात. पोकळ पोलादी नळी मात्र हवी तशी वाकवता येते, आणि म्हणूनच १९७५ मध्ये अ‍ॅरोने नॉट्स बेरी फार्म या उद्यानात बसवलेल्या ‘कॉर्कस्क्रू’मध्ये माणसाला सुरक्षितपणे उलटे करून पुन्हा सुलटे करणे आधुनिक काळात प्रथमच शक्य झाले. टूमर यांच्या नावावर ऐंशीहून अधिक कोस्टर जमा आहेत. १९८९ मध्ये सीडर पॉइंट उद्यानात उभा राहिलेला आणि २०० फुटांची मर्यादा प्रथमच ओलांडणारा ‘मॅग्नम एक्सएल-२००’ हा त्यांतला एक.

गंमत अशी की या गृहस्थांना स्वतःला गाडी लागत असे, त्यामुळे आपल्याच निर्मितीवर ते क्वचितच बसत. संगणकावर आराखडे करण्याची सोय नसलेल्या त्या काळात ते कपडे टांगण्याच्या हँगरची तार वाकवून मार्गाचा आकार ठरवत आणि मग त्यावरून पोलादाची मापे काढली जात. या पद्धतीत कल्पकतेला वाव होता, परंतु एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना शरीरावरचा जोर किती झटकन बदलतो याचा सूक्ष्म हिशेब तीत बसत नसे. वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने पुढे रूढ केलेल्या पद्धतीत रूळ प्रवाशाच्या छातीतून जाणाऱ्या काल्पनिक रेषेभोवती पिळला जातो, म्हणजे गाडी कलली तरी माणसाचे हृदय जवळपास सरळ मार्गाने जाते आणि डोके बाजूला फेकले जात नाही. टूमर यांच्या कोस्टरमध्ये नेमके उलटे घडे: गाडी वळे, खांद्यावरून येणारी अडसराची चौकट कानशिलावर आपटे आणि प्रवासी मान चोळत उतरे. व्होर्टेक्स ज्या जागी उभा होता तिथेच १९८१ मध्ये अ‍ॅरोने ‘द बॅट’ हा रुळाखाली लोंबकळणारा कोस्टर बांधला होता. रुळाला वळणावर पुरेसा कल न दिल्यामुळे त्याच्या सांगाड्यावर इतका ताण येई की १९८३ नंतर तो चाललाच नाही, आणि त्याचे स्थानक व्होर्टेक्सने वापरले. या साऱ्या त्रुटी मान्य करूनही असे म्हणावे लागते की आजचे गुळगुळीत कोस्टर ज्या चुकांवरून शिकले त्या चुका करण्याचे धाडस टूमर यांनी दाखवले होते. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या कोस्टरांची निरोपयात्रा त्यानंतरही चालू राहिली.

पोलादी कोस्टर मरतो का, या प्रश्नाचे उत्तर धातूच्या थकव्यात आहे. धातूवर पुरेसा मोठा जोर पुन्हापुन्हा पडत राहिला, तर तो जोर एका वेळी सुरक्षित असला तरी कालांतराने जोडांपाशी केसासारख्या बारीक भेगा पडू लागतात. या प्रक्रियेला अभियंते ‘फटीग’ म्हणतात. कोस्टरची गाडी दिवसातून शेकडो वेळा त्याच वळणावर तोच जोर लावत असल्याने प्रत्येक हिवाळ्यात रूळ, जोड आणि चाकांचे सांगाडे तपासावे लागतात, सापडलेली भेग दुरुस्त करावी लागते, आणि एक वेळ अशी येते की दुरुस्तीचा खर्च नव्या आकर्षणाच्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो. मूळ कंपनी नाहीशी झालेली असेल तर अडचण दुप्पट होते. अ‍ॅरोने या शतकाच्या सुरुवातीला दिवाळे काढले आणि तिची मालमत्ता दुसऱ्या कंपनीकडे गेली, त्यामुळे तिच्या कोस्टरांचा एकेक सुटा भाग मिळवणे उद्यानांना जिकिरीचे झाले. किंगडा का याच्या बाबतीत दुखणे वेगळे होते. गाडीला साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग देणारी त्याची यंत्रणा दाबाखालील तेल आणि नायट्रोजन वायूच्या बळावर पोलादी दोर ओढत असे, आणि ती सांभाळणे इतके कटकटीचे होते की गाडी अशी वेगाने सोडणाऱ्या बहुतेक नव्या कोस्टरांनी तिच्याऐवजी विद्युतचुंबकाचा मार्ग पत्करला.

याउलट लाकडी कोस्टर, ज्याला पाहून नवखा माणूस ‘हे कधीही कोसळेल’ असे म्हणतो, तो प्रत्यक्षात अधिक दीर्घायुषी ठरतो, कारण त्याची फळी कुजली वा झिजली की तेवढीच काढून नवी बसवता येते. व्होर्टेक्सच्या उद्यानातच ‘द बीस्ट’ हा लाकडी कोस्टर १९७९ पासून, म्हणजे व्होर्टेक्सच्या आठ वर्षे आधीपासून धावतो आहे आणि २०२२ च्या हंगामापूर्वी त्याच्या रुळाचा दोन हजारांहून अधिक फुटांचा भाग नव्याने बांधण्यात आला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील ‘सायक्लोन’ १९२७ चा आहे, तर पेनसिल्व्हेनियातील आल्टुना येथील ‘लीप-द-डिप्स’ हा १९०२ चा कोस्टर १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाला. सान अँटोनियोतील १९४७ चा ‘रॉकेट’ हा लाकडी कोस्टर तर सुटा करून पेनसिल्व्हेनियातील नोबेल्स उद्यानात नेण्यात आला आणि १९८५ पासून ‘फीनिक्स’ या नावाने तिथे धावू लागला.

पोलादी कोस्टरलाही पुनर्जन्म मिळू शकतो, फक्त त्यासाठी पैसा आणि इच्छा दोन्ही लागतात. इंग्लंडमधील आल्टन टॉवर्स उद्यानातला १९९४ चा ‘नेमेसिस’ नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला तेव्हा तो परतणार हे आधीच सांगण्यात आले होते, आणि बहुतांश रूळ नवा बसवून, मार्ग तोच ठेवून तो मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. ज्या कॉर्कस्क्रूने १९७५ मध्ये इतिहास घडवला तो नॉट्स बेरी फार्मने काढून टाकल्यावर आयडाहोतील सिल्व्हरवुड उद्यानाने विकत घेतला. ओहायोतील सीडर पॉइंटचा ‘मीन स्ट्रीक’ हा अंग खिळखिळे करणारा लाकडी कोस्टर २०१६ मध्ये निवृत्त झाला, आणि त्याच्याच सांगाड्यावर पोलादी रूळ चढवून २०१८ मध्ये ‘स्टील व्हेन्जन्स’ अवतरला. त्यामुळे ‘आयुष्य संपले’ हे उद्यानांचे ठेवणीतले विधान थोडे पारखूनच घेतले पाहिजे. पुष्कळदा आयुष्य संपलेले नसते, ते वाढवण्याचा खर्च मालकाला परवडत नसतो, आणि ही दोन कारणे एकच असल्यासारखी सांगितली जातात.

निरोपसोहळ्यांविषयीही थोडी शंका बाळगणे इष्ट आहे. अखेरची तारीख जाहीर केली की तिकिटे खपतात, नाव छापलेले सदरे विकले जातात आणि मोडीत काढलेल्या रुळाचे तुकडेही स्मरणचिन्ह म्हणून गिऱ्हाईक शोधतात, हे उद्यानचालकांनी केव्हाच ओळखले आहे. तरीही या व्यवहारात दोन्ही बाजूंना काहीतरी मिळते, आणि न सांगता काढलेल्या कोस्टरपेक्षा तो कितीतरी बरा. ब्लॅकपूल प्लेझर बीचने १९५८ चा आपला लाकडी ‘वाइल्ड माउस’ २०१८ च्या सुरुवातीला हंगाम बंद असताना पाडला, तेव्हा त्या दुर्मीळ प्रकारातला एक कोस्टर चाहत्यांनी निरोप न देताच गमावला. किंगडा का याच्या बाबतीत तीच चूक अधिक मोठ्या प्रमाणावर झाली. आणि ज्यांना शेवटच्या फेरीचे आमंत्रण मिळाले नाही त्यांना शेवटच्या स्फोटाचे दृश्य मात्र फुकट दाखवण्यात आले.

हे वेड केवळ परदेशी आहे असे मानण्याचे कारण नाही. १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकरची अखेरची फेरी अंधेरीत निघाली, तेव्हा बसप्रेमींनी ती सजवली, तिच्यासोबत छायाचित्रे काढली आणि किमान दोन गाड्या संग्रहालयात जतन कराव्यात अशी मागणी केली. १९३७ पासून मुंबईच्या रस्त्यांवर असलेल्या वाहनप्रकाराचा तो निरोप होता, आणि तारीख आधी ठाऊक होती म्हणूनच तो देता आला. मनोरंजन उद्यानांच्या वाट्याला मात्र आपल्याकडे हा मान सहसा येत नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून मुंबईतील असंख्य शाळांच्या सहलींचे ठिकाण होते आणि २०२२ मध्ये ते बंद झाले, परंतु तेथील पाळण्यांचा निरोप डबलडेकरसारखा सार्वजनिक झाला नाही.

खोपोलीजवळच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’ हा कोस्टर ज्या स्वित्झर्लंडच्या कंपनीने बांधला तिनेच नेमेसिसही बांधला होता, आणि २०१३ पासून धावणाऱ्या या कोस्टरलाही धातूचा थकवा केव्हातरी गाठणारच. प्रत्येक कोस्टर वाचवावा अशी मागणी करणे अव्यवहार्य आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत भावनेला मत नसावे, हेही उघड आहे. पण जिथे अपघाताचा वा तातडीच्या धोक्याचा प्रश्न नाही तिथे अखेरची तारीख किमान महिनाभर आधी जाहीर करणे, मूळ आराखडे आणि एखादा डबा जपून ठेवणे, आणि चाहत्यांना एक शेवटची संध्याकाळ देणे यासाठी फारसा खर्च येत नाही. वर्षानुवर्षे तिकीट काढून आलेल्या लोकांचे एवढे देणे उद्यानांनी मान्य केलेच पाहिजे.