चार सेलच्या रेडिओला सहा व्होल्टचा पक्का पुरवठा

गटाच्या बैठकीत लावायच्या चार सेलच्या रेडिओला सहा व्होल्ट लागतात. सारखे सेल बदलणं परवडत नाही, म्हणून आपण स्वस्त अडॅप्टर आणतो. पण त्यातल्या कितीतरींत व्होल्टेज पक्कं ठेवायची सोयच नसते. गावातली वीज वर-खाली झाली की सहाचे आठ-नऊ होतात आणि रेडिओ जातो. पक्का पुरवठा कसा बनतो, ते आज सांगतो.

आम्ही लालबाग-परळच्या गटांचं काम बघतो. याचे सुटे भाग ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला मिळतात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं, तरी विचारताना जुनंच नाव चालतं. गणपतीला गावी येणाऱ्या कुणालाही ही यादी द्या: ९ व्होल्ट, १ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, ६.८ व्होल्ट १ वॅटचा झेनर डायोड, १२० ओहम १ वॅटचा रेझिस्टर, टीआयपी ३१ ट्रान्झिस्टर, अर्ध्या अँपियरचा फ्यूज आणि हीट सिंक.

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे नऊ करतो. चार डायोड वीज एकाच दिशेने सोडतात, कपॅसिटर तिचे हेलकावे कमी करतो. इथे साधारण अकरा व्होल्ट होतात, तेही वर-खाली होणारे. पुढे पास ट्रान्झिस्टर. चाळीच्या गच्चीवरची टाकी भरलेली असो की अर्धी, खाली धार सारखी पडावी म्हणून कुणी नळावर हात ठेवून बसावं, तसं त्याचं काम. किती सोडायचं हे झेनर ठरवतो. रेझिस्टरमधून वीज मिळाली की तो ट्रान्झिस्टरच्या बेसवर ६.८ व्होल्ट धरून ठेवतो. बेसपासून एमिटरपर्यंत सुमारे ०.७ कमी होतात, म्हणून बाहेर ६.१ मिळतात.

आता खरी गोम. जास्तीचे व्होल्ट कुठे जातात? ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन. अकरातून सहा गेले, राहिले पाच; अर्धा अँपियर वीज वाहिली तर अडीच वॅट. हीट सिंक लावला की एवढं निभतं. पण घरात पडलेला १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडला, तर आत चोवीसच्या आसपास होतात आणि उष्णता नऊ वॅट! म्हणून ट्रान्सफॉर्मर गरजेपुरताच घ्या. हीट सिंकला आतली वीज असते. त्याला दुसरी तार टेकू देऊ नका.

बाहेरच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर ट्रान्झिस्टर जळू शकतो, म्हणून फ्यूज लावा. तरी तो दर वेळी वाचवेलच असं नाही. २३० व्होल्टची बाजू मात्र जाणत्या वायरमनकडूनच जोडून डब्यात बंद करून घ्या.

रेडिओ लावण्याआधी मीटरने मोजा. सहाच्या आसपास आकडा आणि अधिक-उणे बरोबर असेल तरच जोडा. मग आवाज मोठा करून पुन्हा मोजा. आकडा जवळपास तेवढाच राहिला, तर पुरवठा पक्का झाला.