यंत्रमानव, वेठ आणि प्रेक्षक

यंत्रमानवांवरील टीव्ही मालिकांची चर्चा आपल्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. खाणीत, शेतात, गटारात माणसे मरत असताना पडद्यावरील बाहुल्यांविषयी बोलणे हा रिकामटेकडा उद्योग वाटेल. माझे म्हणणे असे की हा विषय मुळातच श्रमाचा आणि मालकीचा आहे. माणूस कोणाला म्हणावे आणि ते कोणी ठरवावे, हा त्याच्या गाभ्याचा प्रश्न आहे आणि तो आपल्या बापजाद्यांनी अंगावर सोसलेला आहे. म्हणून या मालिका पाहताना प्रेक्षक कोठे हसतो, कोठे हळहळतो आणि कोठे बिचकतो, हे आपण तपासले पाहिजे. यंत्राचा अभ्यास शास्त्रज्ञ करतील. प्रेक्षकाचा अभ्यास हे समाजचिंतनाचे काम आहे.

१

प्रथम शब्दाचे पाहू. 'रोबो' हा शब्द आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तो जगाला दिला कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या नाटकाने. नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आले. शब्द सुचवला होता चापेकच्या चित्रकार भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने, मोबदल्याविना करावयाचे काम. त्या मुलखातली ही पद्धत १८४८ मध्ये कायद्याने संपली, पण शब्द लोकांच्या तोंडी राहिला. आपल्याकडे या प्रकाराला नेमका शब्द आहे : वेठ.

मराठीत आपण रोबोला यंत्रमानव म्हणतो. या भाषांतरात यंत्र आले, मानव आला, वेठ तेवढी गळून पडली. हे भाषांतर कोणी कपटाने केले असे मला म्हणायचे नाही. परंतु गावगाड्यातील वेठ ज्यांनी केली त्यांच्या घरातून हा शब्द घडला असता, तर तो वेगळा झाला असता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले ते याच वेठीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. पुढे संविधानाच्या कलम २३ ने बेगार घेण्यास मनाई केली आणि १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. संविधानाने गुन्हा ठरवलेल्या गोष्टीचेच नाव धारण करून एक पात्र आपल्या घरातील पडद्यावर येते, आणि आपण त्याला केवळ विज्ञानाची किमया समजतो.

चापेकच्या नाटकातील रोबो पत्र्याचे नाहीत. ते कारखान्यात कृत्रिम मांसापासून घडवलेले, दिसायला हुबेहूब माणसासारखे आहेत. त्यांना मजुरी नाही, हौस नाही, घर नाही. प्रारंभी त्यांना वेदनाही नाही. मग कारखान्यातील तज्ज्ञ त्यांच्यात वेदना घालण्याचे ठरवतात. कशासाठी? वेदना नसल्यामुळे रोबो हातपाय मोडून घेतात आणि मालाचे नुकसान होते म्हणून. मालमत्ता शाबूत राहावी यासाठी दिलेली वेदना! पुढे हे रोबो बंड करतात आणि मनुष्यजात संपवतात. एकाच माणसाला ते जिवंत ठेवतात, आल्क्विस्ट नावाच्या बांधकाम करणाऱ्याला. कारण तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो.

१९२३ मध्ये हे नाटक लंडनला झाले. तेथील चर्चा रोबोंभोवतीच फिरत राहिली, तेव्हा आपल्याला रोबोंपेक्षा माणसांत अधिक रस आहे, असे चापेकने लिहून कळवले. ११ फेब्रुवारी १९३८ रोजी बीबीसीने याच नाटकाचा ३५ मिनिटांचा भाग दूरचित्रवाणीवर सादर केला. टीव्हीवरील पहिले विज्ञाननाट्य म्हणून त्याची नोंद आहे. म्हणजे टीव्हीवरील विज्ञानकल्पनेचा आरंभच वेठीच्या गोष्टीने झाला.

२

आपल्याकडे ही गोष्ट आली ती विनोदी कौटुंबिक मालिकांच्या वेषात. १९८५ ते १९८९ या काळात अमेरिकेत 'स्मॉल वंडर' ही मालिका चालली. एक इंजिनीयर लहान मुलीसारखे यंत्र बनवतो आणि घरी आणतो. शेजाऱ्यांना ती घरची मुलगी म्हणून सांगितली जाते. ती घरकाम करते, जड सामान उचलते, आणि रात्री मुलाच्या खोलीतील कपाटात उभी राहते. या मालिकेवरून २००३ मध्ये स्टार प्लसवर 'करिश्मा का करिश्मा' आली. झनक शुक्ला या बालकलाकाराने त्यात यंत्रकन्येचे काम केले. २०१६ मध्ये लाइफ ओके वाहिनीवर 'बहू हमारी रजनीकांत' सुरू झाली. रिधिमा पंडित हिने साकारलेली रजनी हे एका शास्त्रज्ञाने घडवलेले यंत्र. ती एकत्र कुटुंबात सून म्हणून वावरते आणि घरच्यांना तिचे खरे रूप ठाऊक नसते.

माझे गाव राजूर. वणी तालुक्यातील, कोळसा खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांवर जगलेले हे गाव. देशाच्या अनेक भागांतून माणसे येथे मजुरीला आली आणि येथलीच झाली. माझी आई भट्टीवर दगड वाहायची. 'करिश्मा' लागायची तेव्हा मी शाळेत होते. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या दारात आम्ही पोरे दाटीवाटीने बसत असू. 'रजनीकांत'च्या वेळी मी शिकवू लागले होते. तेव्हापासून घरी गेले की वस्तीतील बायांशी या मालिकांविषयी बोलायचे, आणि महाविद्यालयात मुलामुलींनाही विचारायचे, असा परिपाठ मी ठेवला. हे काही शास्त्रीय सर्वेक्षण नव्हे. परंतु त्यातून प्रतिक्रियांचे तीन प्रकार स्पष्ट दिसले.

पहिला प्रकार हसण्याचा. यंत्र शब्दशः आज्ञा पाळते, त्यातून घोटाळा होतो आणि घरभर हशा पिकतो. वणीतील बऱ्या घरच्या मुलांना हे प्रसंग सर्वांत जास्त आठवत होते. आमच्या वस्तीतही लोक हसत. पण भट्टीवर काम केलेली एक बाई म्हणाली, "मालक जे म्हनते थेच करा लागते न वो तिले. मंग गलती कोनाची?" हसण्याच्या जागी तिने हिशेब विचारला.

दुसरा प्रकार हव्यासाचा. "अशी सून तं समद्यायलेच पायजे. खात नाई, मांगत नाई, मायेरी जात नाई," असे एक सासूबाई मोठ्या खुशीत म्हणाल्या. त्यांच्या मागे भांडी घासत असलेली सून खाली मान घालूनच बोलली, "मंग तिले सून काऊन म्हनता, मोलकरीन म्हना न." त्या मालिकेवर मी वाचलेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा हे वाक्य मोलाचे आहे. आदर्श सुनेची सगळी लक्षणे यंत्रात सापडतात, याचा अर्थ आदर्शच यंत्राचा होता. स्त्रीला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेने विज्ञानाच्या आधी कित्येक शतके हा आराखडा तयार करून ठेवला आहे.

तिसरा प्रकार कळवळ्याचा. रजनीला कोणी टाकून बोलले की प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येते. हा कळवळा खोटा नाही. परंतु तो कोणाच्या वाट्याला येतो आणि कोणाच्या येत नाही, हे पाहावे लागेल. लहान मुलीला कपाटात ठेवण्यावर जे कुटुंब हळहळते, त्याच कुटुंबात खेड्यातून आणलेली दहा-बारा वर्षांची पोर स्वयंपाकघराच्या फरशीवर झोपत असू शकते. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ही मनाई सर्वच व्यवसायांना लागू केली. कायदा करावा लागला, यातच पडद्यावरील कळवळ्याची मर्यादा दिसते.

३

माणसासारखे यंत्र पाहून प्रेक्षक बिचकतो, याचे एक स्पष्टीकरण जपानी यंत्रशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले. त्यांच्या मते यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते तसतशी आपल्याला त्याविषयी आपुलकी वाटते. परंतु साम्य अगदी जवळ येऊन थोडेसे कमी पडले की आपुलकी एकदम ढासळते आणि शिसारी येते. आलेखावर तेथे खोल दरी दिसते. प्रेताचा थंड हात किंवा मेणाचा चेहरा पाहून अंगावर काटा येतो तसाच हा प्रकार.

या मांडणीत तथ्य आहे. पण आपल्या अनुभवापाशी ती अपुरी पडते. गावकुसाबाहेरच्या माणसात साम्याची काय उणीव होती? तेच डोळे, तेच रक्त, तीच भाषा. तरीही त्याची सावली विटाळ ठरली. म्हणजे शिसारी नेहमी साम्य कमी पडल्यामुळे येत नाही. साम्य पूर्ण आहे हे मान्य करावे लागेल या भीतीनेही ती येते. ब्रिटनच्या चॅनेल फोरवर २०१५ मध्ये 'ह्यूमन्स' ही मालिका आली. २०१२ च्या एका स्वीडिश मालिकेवर ती आधारलेली होती, आणि त्या मूळ मालिकेच्या नावाचा अर्थच मुळी 'खरी माणसे' असा आहे. 'ह्यूमन्स'च्या प्रसिद्धीसाठी वाहिनीचे नाव न देता घरगुती यंत्रमानवांची जाहिरात दाखवली गेली आणि लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर दुकानाची खोटी काचही सजवली. काहींना ती खरी वाटली आणि ते हादरले. मालिकेतील गृहिणी घरात आणलेल्या ॲनिटामुळे अस्वस्थ होते ती भांडी घासण्यावरून नव्हे. धाकट्या लेकीला ॲनिटाने गोष्ट वाचून दाखवलेली आवडू लागते, तेथे तिच्या जिवाला लागते. सेवेपर्यंत ठीक असते. बरोबरी सुरू झाली की भीती सुरू होते.

४

येथे एक साधा प्रश्न विचारू. काम करून घेण्यासाठी यंत्राला माणसाचा चेहरा कशाला हवा? गिरणीला तोंड नसते, पण पीठ दळले जाते. कपडे धुण्याच्या यंत्राला हात नसतात. आमच्या परिसरात उकणी, मुंगोलीसारख्या उघड्या खाणींत शॉवेल आणि डंपर डोंगरच्या डोंगर हलवतात. त्यांनी असंख्य हातांचे काम घेतले, पण त्यांना कोणी डोळे बसवले नाहीत. केरळमधील तरुण अभियंत्यांनी गटारे साफ करणारे 'बँडिकूट' हे यंत्र बनवले आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला ते कामाला लागले. तेही माणसासारखे दिसत नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही माणसे गटारात गुदमरून मरत राहिली. असे यंत्र प्रत्येक शहरात हवे, ही मागणी आपण केलीच पाहिजे. त्या यंत्रावर मात्र कोणी कौटुंबिक मालिका काढणार नाही.

मग मालिकेतील यंत्राला चेहरा का? माझे उत्तर असे : काम यंत्राने होते, जोहार मात्र माणसाच्या तोंडूनच घ्यावा लागतो. मालकाला नुसते श्रम नको असतात. झुकलेली मान, खाली गेलेली नजर आणि 'जी मालक' हे शब्दही हवे असतात. चातुर्वर्ण्याने श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी केली आणि त्यांना एकाखाली एक बसवले, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. ही उतरंड टिकवायची तर खालच्याने आपले खालचेपण रोज उच्चारले पाहिजे. आज माणसे हा उच्चार नाकारू लागली आहेत. मजुरी मागतात, सुटी मागतात, लेकरांना शाळेत घालतात. अशा वेळी कधीही नकार न देणाऱ्या, माणसाच्याच चेहऱ्याच्या सेवकाचे स्वप्न ज्यांना गोड वाटते, त्यांना कशाची चुटपुट लागली आहे हे सांगायला नको.

५

यावरून काही तरुण मित्र 'यंत्रमानव हाच उद्याचा दलित' अशी घोषणा करतात. ती मला मान्य नाही. यंत्राला भूक नाही, अपमान नाही, लेकरू नाही. दलित माणूस पहिल्यापासून पूर्ण माणूस होता. त्याला यंत्राच्या रांगेत बसवणे म्हणजे जुनाच अपमान नव्या भाषेत करणे. भट्टीवरील चुना घामाशी मिसळला की कातडी भाजते, ही वेदना कोणी तज्ज्ञाने बसवलेली नसते.

या मालिकांमध्ये आणखी एक प्रश्न वारंवार येतो : यंत्राला आत्मा आहे काय? बुद्धविचारात वाढलेल्यांनी या जाळ्यात अडकू नये. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देऊन सांगितले की चाक, आस, दांडी यांपैकी कोणताही एक भाग रथ नव्हे. तसेच माणसात वेगळा काढून दाखवता येईल असा आत्मा नाही. आपल्यापुढचा प्रश्न दुःखाचा आणि वागणुकीचा आहे. दुःख कोणाला होते, ते कोण देतो आणि ते थांबवता येते काय, एवढे विचारले की पुरे.

वर्गात शिकवणाऱ्या मित्रांना माझी सूचना आहे. विद्यार्थ्यांना या मालिका पाहू नका म्हणून सांगू नये. ती पाहणारच. पाहून झाल्यावर तीन प्रश्न द्यावेत. या सेवकाचा मालक कोण? वाचलेल्या श्रमाचा नफा कोणाच्या खिशात गेला? आणि गोष्ट कोण सांगतो आहे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. या बहुतेक मालिकांत गोष्ट मालकाच्या घराची असते. सेवक तिच्यात वावरतो, पण ती त्याची नसते. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा मराठी साहित्यात खळबळ उडाली ती यामुळेच. ज्याच्याविषयी इतर बोलत होते तो स्वतः बोलू लागला.

माझ्या वर्गातील एका मुलीने या प्रश्नांचे उत्तर म्हणून रजनीविषयी काहीच लिहिले नाही. वणीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आईचा एक दिवस तिने लिहून आणला : पहाटे किती वाजता उठली, कोणत्या घरी चहा वेगळ्या कपात मिळाला, महिन्याअखेर किती पैसे कापले गेले. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी असे दिवस गावोगाव लिहून घ्यावेत. घरकामगारांच्या संघटना बांधताना या नोंदी उपयोगी पडतील, आणि उद्या कोणी मालिका लिहायला बसला तर तिचा मजकूर कोठून घ्यावा हेही त्याला कळेल.